दुधाची वेळ

ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबणाऱ्या त्या पाड्यातलं जवळजवळ प्रत्येक पोर बायजा सुइणीच्या हातांत जन्मलेलं. पंचावन्न साली सरकारने तिथल्या शाळेत दुधाचं केंद्र उघडलं, तेव्हा कोणतं पोर अशक्त हे तिनेच सांगितलं. बेचाळीस नावं तिच्या तोंडून लिहून घेतली गेली.

दूध सकाळी नऊला मिळायचं. पोराने ते तिथेच प्यायचं आणि सोबत आई हवी. आया तर उजाडायच्या आत मिठावर जात, त्या दुपारी परतत. पहिल्या दिवशी आठच पोरं आली, तीही ज्यांच्या आया मिठावर जात नसत अशी.

दुसऱ्या दिवशी बायजा अकरा पोरं घेऊन गेली.

"यांच्या आया कुठायत?" केंद्राचा कारकून त्र्यंबक म्हणाला.

"मिठावर. अंगठा मी देते. या पोरांना पयला हात मीच लावलाय."

"चालत नाही. नियम आहे."

साडेनऊला त्याने उरलेलं दूध उचलून शाळेमागच्या गटारात ओतलं. मिठावर गेलेल्या शालूची तीन वर्षांची मुलगी रिकामा पेला घेऊन बघत राहिली.

"गटाराला आय लागत नाय," बायजा म्हणाली, "माझ्या पोरांनाच लागते?"

तशीच ती नौपाड्यात चालत गेली. केंद्रावर देखरेख करणाऱ्या समितीच्या सुहासिनीबाई वकिलांच्या घरच्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी चहा दिला, कागद काढला.

"बायजाबाई, केंद्रातून आमच्याकडे तर असं लिहून आलंय, की पाड्यातील माता मुलांच्या आरोग्याबाबत उदासीन आहेत."

"म्हंजी काय?"

सुहासिनीबाई अडखळल्या. "म्हणजे, त्यांना पर्वा नाही."

बायजाने कप खाली ठेवला. "मिठाने पाय फाटलेत त्यांचे. पोरांसाठीच फाटलेत. उद्या सहाला आगरावर या, बाई. ज्याने हे लिवलंय त्यालापन आना."

सुहासिनीबाई एकट्याच आल्या. भेगाळल्या पायांनी खाऱ्या चिखलातून भरली टोपली वाहणारी शालू त्यांनी पाहिली. त्या परतल्या आणि त्याच दिवशी अर्ज लिहायला बसल्या.

वेळ दुपारी एकची व्हायला दीड महिना गेला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता आणि दूध रोज गटारात जात होतं. बायजा रोज तिथे जाऊन उभी राहायची. कोणी पाहिलं नाही, असं त्र्यंबकला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी.

वर्षाअखेर शाळेत सभा भरली. समितीने झोपलेल्या मातांना जागं केलं, असं पाहुणे म्हणाले आणि बायजाला नारळ घ्यायला बोलावलं. ती पुढे गेली, पण नारळाला हात लावला नाही.

"आया झोपल्या नव्हत्या, सायेब. त्या कामावर होत्या," एवढंच म्हणून ती खाली उतरली.

केंद्र पुढे दोन वर्षं चाललं. आया मिठावरून थेट तिथे यायच्या. बायजाही दारात असायची, पण त्र्यंबकशी ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.