ठिगळकाकांची पिशवी

ठिगळकाकांच्या डब्याच्या पिशवीला जितके रंग होते, तितके आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मखरालाही नसत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या चामडी पर्सच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. चामड्याचा नवा लॉट आला की त्यातला एक तुकडा कापून ते पिशवीवर ओळीने शिवत. बाकीचा माल जर्मनीला जाई, ठिगळ काकांबरोबर दिव्याला, त्यांच्या घरी.

नव्वदच्या दशकात कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग डोंबिवलीहून मी. कुठली पर्स कुठल्या लॉटची, हे मी त्यात भरायचं. काका लांबून बघत. "तुझ्या पेटीला नंबर कळतात, पोरी. चामडं कळतं का?" मी नुकताच कोर्स केलेला, त्यामुळे मान ताठ. मी म्हणे, "काका, आधी त्या पिशवीला साबण दाखवा."

मग एक दिवस गिऱ्हाइकाचा फॅक्स आला. तपकिरी पर्सचा रंग बायकांच्या कपड्यांना लागत होता. खराब लॉटच्या पर्स कुठल्या ते कळवा, नाहीतर सगळाच माल परत. मी फाइल उघडली. कंटाळा करून मी एकच लॉट नंबर वरपासून खालपर्यंत चिकटवला होता. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सांग. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस."

काकांनी डबा बाहेर काढला, रुमाल ओला केला आणि पिशवीवरची तपकिरी ठिगळं एकेक करून घासली. चौथ्याला रुमाल रंगला. "हा दिवाळीनंतरचा लॉट. तेव्हा डब्यात रोज उरलेला चिवडा असायचा, म्हणून लक्षात आहे. याच्या नुसत्या बिनपट्ट्याच्या पर्स झाल्या." पुरावा म्हणून तुकडा पाठवायला हवा होता. त्यांनी पिशवीवरून एकदा हात फिरवला आणि कात्री लावली.

माल वाचला, माझी नोकरीही वाचली. पिशवीला मात्र भोक राहिलं. "तिथं दुसरं लावलं तर क्रम चुकेल," म्हणत काका ते बुजवत नसत. त्यातून चमचा पडे आणि मी टेबल सोडून उचलायला धावे. साबणाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी घरून पुरणपोळ्या नेल्या आणि स्टोअरमधून नव्या लॉटचा एक तुकडा आणला. "काका, आता तरी भोक बुजवा."

त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "नंबर काय याचा?"

मला आठवेना. मी कॉम्प्युटरकडे निघाले, तर ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "राहू दे गं. आज डब्यात तुझ्या पुरणपोळ्या होत्या."