बाबांनी सांगितलेला कोरियन सिनेमा

माझ्या कोरियन सहकाऱ्याने इथे जर्मनीत, आमच्या गार्चिंगच्या कॅम्पसवर, त्यांच्याकडचा एक फार जुना मूकपट दाखवायचं ठरवलं. पूर्वी तिकडे अशा सिनेमाला पडद्याशेजारी उभा राहून सगळी गोष्ट रंगवून सांगणारा एक माणूस असायचा म्हणे. ते काम तो स्वतः करणार होता, जर्मनमध्ये.

तेव्हा नागपूरहून सासूबाई आल्या होत्या, आणि त्या रविवारी परत निघणार होत्या. सगळा उन्हाळा त्या नातीशी मराठीत बोलल्या आणि आमची सहा वर्षांची लेक त्यांना जर्मनमध्ये उत्तरं देत राहिली. "पोरगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही," म्हणून त्या बायकोजवळ रडल्याही. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी आजी-नातीला सिनेमाला नेलं.

"तुम्ही सांगाल ना मला, काय चाललंय ते?" सासूबाईंनी विचारलं.

"गेनाऊ," मी ऐटीत म्हणालो.

गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. माझं जर्मन साधारण या एका शब्दावर चालतं. ऑफिसात इंग्रजी, बेकरीत बोट दाखवलं की ब्रेड मिळतो. पण सासूसमोर हे कोणता जावई कबूल करेल?

सहकारी रंगात आला. मला मधलं एखादं वाक्य कळे, बाकीचं मी मनाने रचत होतो. "हा नवरा, ही बायको. फार गरिबी आहे." सासूबाई हळहळल्या. थोड्या वेळाने त्या नवऱ्याने बायकोला नटवून दुसऱ्याच माणसाशी तिचं लग्न लावून दिलं.

"अहो जावईबापू, नवराच लग्न लावतोय बायकोचं?"

"तिकडची पद्धत, आई," मी ठोकून दिलं.

आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली लेक उसळली. "नाइन, आजी! तो तिचा भाऊ आहे. बाबांना डॉइच येतच नाही!"

'नाही'ला नाइन आणि जर्मनला डॉइच, पण बाकी सगळं मराठीत! सासूबाईंनी तिला मांडीवर ओढलं. पुढचा सिनेमा तिनेच सांगितला, अडखळत, मध्येमध्ये जर्मन घुसडत. मीही कान देऊन ऐकत होतो, कारण मलाही गोष्ट तेव्हाच कळत होती. लाज तर वाटलीच, पण डोळेही भरून आले.

रविवारी विमानतळावर सासूबाई आत जायला निघाल्या आणि मागे वळून नातीला म्हणाल्या, "ते बाबांना काय येत नाही म्हणालीस, ते परत एकदा म्हण गं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"म्हण," मी म्हणालो.