कायमचा पत्ता

वच्छलाताई आणि मी बडनेऱ्यात वीस वर्षं एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहिलो. त्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, मी मराठी शाळेत मास्तरीण. "गजालाबाई, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" असं अजूनही कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. माझ्या पणजोबांची कबर याच काळ्या मातीत आहे, मी काय तुर्की बोलू? ताईंनी असलं काही कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बाई, सांबार आहे काय घरात?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिथून आमचं जमलं ते जमलंच.

ताईंनी लग्न केलं नाही, म्हणजे कोणी करून घेतलं नाही. त्यांचे वडील सूर्यभानजी अकोला जिल्ह्यातले, हिवरखेडच्या पुढच्या एका खेड्यातले, चांगल्या शेतकरी घरचे. आई मैनाबाई दुसऱ्या जातीच्या. सत्तावन्न साली दोघांनी पळून येऊन रजिस्टर लग्न केलं. पुढे वाटणीचं शेत मिळालं तेव्हा कुटुंब गावी परतलं, पण भाऊबंदांनी ते लग्न विसरल्यासारखं केलं, विसरले नाहीत. धाकट्या रामरावला बायको मिळाली. ताईंना स्थळ आलं नाही. लेकाला सगळं माफ आणि भोगायचं लेकीनं, हे आमच्यातही तसंच आहे.

म्हणून की काय, ताईंचा जीव आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्यात अडकलेला होता. लग्न कुठं लागलं, हे दोघं धड सांगत नसत. वडील म्हणायचे, "अमरावतीले. कचेरीत." आई म्हणायची, "कचेरी मी बाहेरूनबी पाहिली नाही." दाखल्यावर नावं, तारीख, विवाह अधिकाऱ्याचा अमरावतीचा शिक्का आणि तीन साक्षीदार. लग्न कुठल्या जागी लागलं, ही ओळच त्यात नसते. म्हातारा-म्हातारी वारली आणि तो कागद ताईंकडे आला. रविवारी जेवण झालं की चष्मा लावून त्या तो उघडून बसत.

मी चिडवायची, "लागलं ना लग्न, ताई? मंग अमरावतीत लागलं काय अन् अमेरिकेत लागलं काय!"

"तसं नाही, गजाला. पावतीवर शिक्का असला म्हणून काय झालं? माल कुठं उतरला ते पाहाच लागते."

दोन हजार सहा साली या कागदानं आम्हाला वेगळंच काही दाखवलं. रामरावची प्राजक्ता लहानपणापासून शिकायला ताईंकडे होती. माझा भाचा उजैर, माझी बहीण गेल्यापासून माझ्या घरी. त्याचं पंपाच्या मोटारींची तार नव्यानं भरायचं दुकान. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या. दुकानात जळक्या मोटारी यायच्या आणि तिथंच पडून राहायच्या. आणि इकडे भिंतीच्या पल्याडची पोरगी, अल्याडचा पोरगा! आम्ही दोघी स्वतःला शहाण्या समजणाऱ्या, आमच्या नाकाखाली सगळं झालं आणि आम्हाला पत्ता नाही. कळल्यावर मी उजैरला तोंडात येईल ते बोलले. माझ्या माहेरानं माझ्याशी बोलणं टाकलं. ताई तेवढ्या म्हणाल्या, "करू दे. कायद्यानं करू दे."

मला धास्ती होती ती ताईंच्या गावाची. तिकडे पंचविशीतली लग्नाळू पोरं दिवसभर पारावर बसून असायची. शेतकऱ्याला कोणी मुलगी देत नव्हतं. शिपाई चालेल पण शेतकरी नको, असं बाप तोंडावर सांगत. प्राजक्ताचा मोठा भाऊ अंकुर त्या पोरांतलाच. लहानपणी उन्हाळ्यात बडनेऱ्याला यायचा तेव्हा ताईंच्या पदराला धरून फिरायचा आणि त्यांच्याच हातानं जेवायचा. आता फोनवर नुसतं 'हूं' म्हणायचा. ज्याला चार ठिकाणांहून नकार आला त्याला उद्या पारावर कोणी सांगितलं, तुझी बहीण मुसलमानाच्या घरी चालली, तर तो काय करेल, याचा विचारही मला नको वाटायचा.

म्हणून अमरावतीचा बेत. असल्या लग्नाची नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लावतात. कोणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. अकोला जिल्ह्यातलं माणूस अमरावतीच्या फळ्यावर काय वाचायला येतंय, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. पोरांनी जाऊन नोटीस दिली आणि आम्ही निर्धास्त झालो.

काही दिवसांनी ताई चौकशीला म्हणून त्या कचेरीत गेल्या आणि जाताना आपला जुना दाखलाही घेऊन गेल्या. सोबत मी होते. तिथल्या बाबूनं तो उलटसुलट पाहिला. "बाई, जागा यावर नसतेच. अन् लग्न कचेरीतच लागलं पाहिजे असंही नाही. अर्ज केला, जादा फी भरली, तर साहेब घरीबी येतात. दवाखान्यातबी येतात."

ताईंनी कागद परत घेतला. बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर उघडाच होता. घरी आल्यावर त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. दोन साक्षीदारांच्या सहीखाली हुद्दे होते. एक डॉक्टर, एक नर्स. ताई आजवर समजत होत्या की वडिलांच्या ओळखीची चांगली माणसं असतील.

"आता बाबाची सही पाहा," त्या म्हणाल्या.

"सही कुठं आहे? अंगठा आहे हा."

"मले वाटे, तवा नवरा-नवरीचा अंगठाच घेत असतील. पण बाबा सातवी पास होते, गजाला. गावाची पत्रं लिहून देत. डाव्या हातानं लिवत. आमाले वाटे, डावरेच आहेत." त्यांनी स्वतःचा उजवा हात उघडून मिटला. "उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती त्यायची. म्हणत, बैलबंडीचं चाक गेलं."

तो हात लग्नाच्या तोंडावरच मोडला होता. इतका ताजा की डाव्यानं लिहायची सवयही झाली नव्हती. कचेरीच्या वाटेवर कोणीतरी त्यांना गाठलं होतं. मैनाबाईंनी कचेरी पाहिली नाही, कारण त्यांचं लग्न दवाखान्यात, खाटेला टेकून लागलं. आई खरं बोलत होती आणि वडील पोरांना भिववायचं नाही म्हणून बंडी सांगत होते. ताई रडल्या नाहीत. रडले ती मी.

मग मला एक सुचलं आणि ते सुचलं नसतं तर बरं असं वाटलं. "ताई, तुमच्या आईबाबाची नोटीसबी तर अमरावतीतच होती. मंग गावाले कळलं कसं?"

ताईंनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी हाक मारली, "प्राजक्ता! नोटिशीत कायमचा पत्ता कोणता लिवला वं तू?"

"गावचा," ती आतून म्हणाली. "मंग कोणता लिवू? आपलं गाव तेच ना?"

आम्हा वऱ्हाडी माणसांची ही खोड जात नाही. जन्म बडनेऱ्यात काढू, पण गाव विचारलं की बापाचंच सांगू. मीसुद्धा स्वतःला अचलपूरची म्हणवते आणि अचलपूरला मला आता कुत्रंही ओळखत नाही. सूर्यभानजींनीही त्या वेळी हेच केलं असणार.

दुसऱ्या दिवशी बाबूनं सरळ सांगितलं. "कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा असला की नक्कल तिकडच्या कचेरीत जाते. तिथंबी फळ्यावर लागते. कायदाच आहे तसा. तुमची तर कवाचीच गेली." म्हणजे आम्ही इकडे निर्धास्त बसलो होतो आणि तिकडे अकोल्याला दोघांची नावं, धंदा आणि राहता पत्ता फळ्यावर लागलेला होता.

त्याच संध्याकाळी ताईंकडे अंकुरचा फोन आला. मी शेजारीच होते, मला ऐकू येत होतं.

"आत्या, लग्न कवा आहे? आमाले सांगतलंबी नाही." तो हसत होता. "आमी सगळे येऊन राहिलो. आशीर्वाद द्यायले."

ताईंनी लगोलग अर्ज केला, साहेबांनी बडनेऱ्याला माझ्या घरी यावं म्हणून. प्राजक्ताला मी मागच्या खोलीत आणून ठेवलं. उजैरचं दुकान बंद. गल्लीत अनोळखी मोटारसायकल थांबली तरी मी खिडकी लावून घ्यायची. महिना भरत आला तसं ताईंनी नवंच काढलं, "मी गावाले जाऊन येते. अंकुरशी बोलते."

"काहून जाता ताई? बापाचा हात पाहिला ना कागदावर?"

"म्हणूनच जाते. माह्या हातचं खाल्लं आहे त्यानं. तो मले हात नाही लावणार."

लग्नाच्या आदल्या दिवशी त्या परत आल्या. उजवा हात पदराखाली. पदर सरकला तेव्हा प्लास्टर दिसलं.

"बसच्या दारात सापडला," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "लग्न इथं लागणार ते मी नाही सांगतलं. त्यायले वाटते, लग्न कचेरीतच आहे."

वरच्या दंडावर चार काळेनिळे वळ होते. बसच्या दाराला बोटं नसतात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. येताना त्यांनी सहज सांगितलं की कचेरीच्या फाटकाशी सकाळपासून एक जीप उभी आहे, माणसं भरलेली. मी उठून दाराला आतून कडी घातली. माझ्या बैठकीत, लोखंडी कपाटासमोर प्राजक्ता आणि उजैरचं लग्न लागलं. साक्षीदार मी, उजैरच्या दुकानातला नियाज आणि ताई. साहेबांनी पेन पुढे केलं. ताईंनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला.

"बाई, तुम्ही तर रेल्वेत कारकून ना?"

"हात दुखते," ताई म्हणाल्या.

प्राजक्तानं तो जुना दाखला लहानपणापासून पाहिलेला. तिनं ताईंच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग पदराखालच्या प्लास्टरकडे.

दाखल्याची नक्कल हातात आली तशी मी ती उलटी केली. मला राग आवरत नव्हता. कायदा लिहीत नाही ते मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: लग्न बडनेऱ्यात, गजालाच्या घरी लागलं. तिसऱ्या साक्षीदार वच्छला यांचा उजवा हात आदल्या दिवशी मोडला.

"कोणी मोडला, ताई?"

"राहू दे ना, गजाला."

"तुमच्या बापानंबी राहू दिलं. तुमी जन्मभर शोधत बसल्या, अन् ही पोरगी तोच पत्ता लिवून आली. काही राहू देत नाही मी."

ताईंनी प्लास्टरवर पदर ओढला. मग प्राजक्ताकडे पाहून म्हणाल्या, "अंकुरनं."

मी लिहायला वाकले, पण प्राजक्तानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि भावाचं नाव तिनं स्वतः लिहिलं.