रुमालांनंतरचं कबुतर

विष्णुपुरीला भाचीच्या वाढदिवसाला एक वयस्कर जादूगार आले होते. अंगात काळा कोट, काखेत जरा उसवलेला. रिकाम्या मुठीतून त्यांनी लाल, पिवळे, निळे रेशमी रुमाल काढले आणि सगळ्यांचा गठ्ठा करून छातीशी धरला. आता त्यातून कबुतर निघणार, असं मला वाटलं. लहानपणी लोह्याला मी तसंच पाहिलं होतं. पण त्यांनी नुसता वाकून नमस्कार केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि केककडे धूम ठोकली.

नांदेडला परतताना ते जादूगार आणि मी एकाच ऑटोत बसलो. मी विचारलं, “काका, आज कबुतर नव्हतं?”

“गेलं की उन्हाळ्यात.”

“मग दुसरं आणायचं.”

“आणलं होतं. कोटात लई फडफडायचं. देऊन टाकलं. पहिलं कसं, रुमाल निघेपर्यंत छातीशी गप बसायचं. माझी धडधड त्याच्या वळखीची होती.”

“पण खेळ अर्धाच राहतो ना?”

“पोरांना कुठं म्हाईत हाय, पुढं काय असतंय? त्यांना रुमालच लई झाले. अर्धा मलाच वाटतो.”

वाढदिवसाच्या हॉलमध्ये पुढचं ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो.

तेवढ्यात ऑटो खड्ड्यात आदळला. मी वरची दांडी पकडली. काकांनी मात्र कोटाचा छातीवरचा डावा खिसा दोन्ही हातांनी अलगद झाकून धरला.