उगवत्या सूर्याचे दहा सेकंद

चिकलठाण्यातल्या आमच्या कंपनीत बावीस माणसं होती आणि त्यातल्या एकवीस जणांना काही कळत नव्हतं. बाविसावी मी. हे मी तेव्हा मनात म्हणायचे, आणि अधूनमधून तोंडावरही.

आम्ही जिनिंगसाठी पॅनेल बनवायचो. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. कापूस आत ढकलायला एक लांब लोखंडी स्क्रू असतो, आणि कापूस किती ओला आहे ते बघून त्या स्क्रूचा वेग कमीजास्त करायचं काम आमच्या पॅनेलचं. पॅनेलच्या पोटात तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यात नखाएवढ्या कार्डावर सगळा प्रोग्रॅम, आणि दारावर छोटा स्क्रीन. लाईट आली की कॉम्प्युटर उठायचा आणि उठला की स्क्रू आपोआप फिरायला लागायचा. मध्ये बटण नव्हतं. जिनिंगवाल्यांनीच तसं मागून घेतलं होतं. लाईट दिवसातून दहादा जाते, दहादा बटण कोण दाबत बसणार, असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस सिल्लोडच्या मालकाचा फोन आला. "लाईट आली तरी तुमचा डबा मिनिटभर झोपलेलाच राहतो. इकडं ट्रॅक्टरची रांग लागती."

झालं. आमच्या बॉसने मीटिंग बोलावली. बॉस हा मीटिंगपुरताच जिवंत होणारा प्राणी होता, एरवी त्याच्याकडे बघून तसं वाटायचं नाही. सेल्स मॅनेजर म्हणाला, महागातला बोर्ड टाकू. कोणी म्हणालं, पंखा मोठा बसवू. पंख्याने कॉम्प्युटर लवकर कसा उठणार हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. सामोसे संपेपर्यंत असंच चाललं. शेवटी मी म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या, आणि तोवर मीटिंग घेऊ नका." बॉसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण दुसरं कोणी करणारं नव्हतं.

आधी सिल्लोडला जाऊन मोजमाप घेतलं. फुलंब्रीपासून पुढे रस्ता खोदलेला, त्यात सेल्स मॅनेजरच्या गप्पा. शेडमध्ये त्या मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी पॅनेलला लॅपटॉप जोडला आणि लाईट जायची वाट बघत बसले. ती फार वाट बघायला लावत नाही. लाईट गेली, शेडमध्ये अंधार झाला, आणि चाचा उजवी बाही कोपराच्या वर सारून स्क्रूच्या तोंडापाशी नुसते उभे राहिले. मी मनात म्हटलं, बघा, लाईट गेली की यांची सुट्टी. लाईट आली तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून आकडे बघत होते. बावन्न सेकंद.

आवराआवर करताना चाचा जवळ आले. "म्याडम, ते डब्याच्या येळचं जरा सांगायचं व्हतं."

"चाचा, ते तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. "ते आम्ही बघतो."

ते मशीनकडे परत गेले. मला तेव्हा ते माझ्या बोलण्याचं वजन वाटलं.

ऑफिसात येऊन बावन्न सेकंद उलगडले आणि हसावं की रडावं कळेना. हा प्रोग्रॅम माझ्या आधीच्या इंजिनिअरने लिहिलेला. तो आता पुण्यात कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि पुण्याला तो लखलाभ असो. त्याचा कॉम्प्युटर उठल्यावर वीस सेकंद इंटरनेटची वाट बघत होता. सिल्लोडच्या त्या शेडमध्ये इंटरनेट नव्हतं आणि येणारही नव्हतं. रुसून बसलेल्या मामासाठी लग्न थांबवावं तसा सगळा कारभार. मग तो प्रिंटर शोधायचा. मग वायरलेस हेडफोन! कापसाच्या धुळीत हेडफोन घालून कोण नाचणार होतं देव जाणे. मी एकेक करून सगळं उपटलं. जे लागत नाही ते काढलं, जे नंतर चालेल ते नंतर ढकललं, आणि उरलेल्यातली चरबी उतरवली. बाराव्या दिवशी लाईटपासून स्क्रूपर्यंत चार सेकंद. मी ते सात वेळा मोजलं. इतका आनंद मला पगारवाढीने कधी झाला नाही.

बॉसने दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "सूर्य कुठंय?"

सूर्य म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह, त्याने स्वतः काढलेलं. पॅनेल सुरू होताना स्क्रीनवर आधी काठावरून सूर्य वर यायचा, त्याला चार सेकंद. मग कंपनीच्या नावाची बारा अक्षरं एकेक करून उमटायची, दर अर्ध्या सेकंदाला एक. एकूण दहा सेकंदांचा तमाशा, आणि तो संपेपर्यंत मशीन हलता कामा नये असा बॉसचा हुकूम. आपलं नाव पूर्ण व्हायच्या आत स्क्रू फिरला तर त्याचा म्हणे अपमान होतो. मी भांडले. चारचे चौदा कशाला करायचे? तो म्हणाला, "गिऱ्हाईक नाव बघतं." गिऱ्हाईक कापूस बघतं, मी म्हणाले. पण गाढवापुढे वाचली गीता.

मी दोन कार्डं बनवली. एक सूर्याचं, चौदा सेकंदांचं, बॉसच्या समाधानासाठी. दुसरं माझं, चार सेकंदांचं. बॉस काही सिल्लोडला येणार नव्हता. सेल्स मॅनेजरसमोर सूर्याचं कार्ड बसवायचं, तो मालकाबरोबर चहाला गेला की हळूच माझं घालायचं, असं मी ठरवलं. माझं कार्ड एका कागदात गुंडाळून कुर्त्याच्या खिशात ठेवलं.

सगळं तसंच झालं. सूर्य उगवला, नाव उमटलं, मालकाने मान डोलावली. सेल्स मॅनेजर मोठ्याने म्हणाला, "म्याडम तर चार सेकंदांपर्यंत गेल्या होत्या!" त्याला तेवढाच एक आकडा पाठ झाला होता. मग ते दोघे ऑफिसात गेले. चाचा मशीनपाशी होते. मी कार्ड बदलायला स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

मी म्हटलं, येऊ दे, एकदा हे नाटक बघून घेऊ, मग बदलू. नावं ठेवायचीच हौस. मिनिटभराने शेडमधले दिवे लागले. स्क्रीन काळा होता. मी हात बांधून उभी. मग सूर्याची कड दिसली आणि मला हसू आलं. सूर्य अर्धा वर आला होता तेव्हा मी सहज वळून पाहिलं.

चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत स्क्रूच्या तोंडात होता.

"चाचा, हात काढा!" मी ओरडले.

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. हात आतच. "थांबा म्याडम, गोळा घावलाय."

पहिलं अक्षर उमटलं. मी धावले. दुसरं, तिसरं. मी त्यांचा खांदा धरून ओढलं, ते वैतागले, "अरे, काय करता?" म्हणाले, आणि पाय रोवून उभे राहिले. सहावं. मी सगळं अंग मागे टाकलं आणि आम्ही दोघं कापसाच्या ढिगात पडलो. ओल्या कापसाचा गोळा अजून त्यांच्या मुठीत होता. मी स्क्रीनकडे पाहिलं. तीन अक्षरं यायची बाकी होती. ती आली, आणि स्क्रू फिरला.

चाचांनी त्या फिरणाऱ्या स्क्रूकडे पाहिलं. मग त्यांनी आपली बोटं उघडली, मिटली.

"लाईट गेल्यावर आत अंधार राहतो," ते म्हणाले. "काय दिसणार? लाईट आली की दिसतंय. तुमचा डबा तवर झोपलेला. तेवढ्यात अडकलेला गोळा काढून घ्यायचा. दोन साल झाले, सगळे असंच काढतात, आजबी सवयीनं हात गेला. मागल्या बारीला तेच सांगत व्हतो तुमाला."

मी तिथंच जमिनीवर लॅपटॉप उघडला आणि कोणाला न विचारता प्रोग्रॅम बदलला. पॅनेलवर एक हिरवं बटण होतं, कॉम्प्युटरला जोडलेलं, पण आजवर नुसतं शोभेला. आता ते दाबल्याशिवाय स्क्रू फिरणार नव्हता, लाईट कितीदाही येवो. मालक कुरकुरला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॉसला कळलं तेव्हा तो खुर्चीत ताठ झाला. "बघा, मी म्हणत होतो ना, सूर्य पाहिजे." पुढच्या माहितीपत्रकात त्याने सूर्याला सुरक्षा-सुविधा म्हणून छापलं. त्या माणसाबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण ती ओळ मी खोडायला लावली नाही.

त्या दिवशी सिल्लोडहून निघताना चाचा गाडीपर्यंत आले. बाही खाली केलेली, बटण लावलेलं.

"बेटी, आता किती येळ लागतो डब्याला?"

"चौदा सेकंद."

"अन् ते साब चार म्हणत व्हते?"

"साहेबांना काय कळतंय," मी म्हणाले. "चौदाच होते."

ते मान हलवून परत गेले. मी गाडीत बसले. कार्ड माझ्या खिशात होतं, आणि फुलंब्री येईपर्यंत मी त्यावरचा हात काढला नाही.