राहूकाळातला अर्ज

चिटगुप्प्याच्या अंगाला एक लहानसं पुरसभेचं गाव आहे. पुरसभा म्हणजे नगरपालिकाच, फक्त सरकार बेंगळुरूचं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या हकिकतीतली निम्मी माणसं अजून तिथं सदस्य आहेत आणि सकाळी एकाच हॉटेलात, एकमेकांकडं पाठ करून, चहा पितात.

त्या गावातल्या गिरणी गल्लीत बसम्मा राहते. वय अठ्ठावन्न, बांधा ठेंगणा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. ज्वारीच्या कडक भाकरीत तिचा हात धरणारं दुसरं कोणी नाही. भालकीपासून हुमनाबादपर्यंत लग्न कुणाचंही असो, भाकरी बसम्माची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तो होता तेव्हाही घरात बोलणं हिचंच चालायचं, असं गल्ली सांगते, आणि ती ते नाकारत नाही.

ती पुरसभेत आली ती चुकूनच. नऊ नंबरचा वॉर्ड बायकांना सुटला. किरणकुमार नावाच्या तरण्या पुढाऱ्यानं बायकोला उभं करायचं ठरवलं, तर बायकोचं नाव अजून माहेरच्याच मतदार यादीत! लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घाईघाईत तो बसम्माच्या चुलीपाशी आला. म्हणाला, "अक्का, तुम्ही नुसतं उभं राहा. बाकी आम्ही बघतो." बसम्मा उभी राहिली, निवडून आली, आणि बाकीचंही स्वतःच बघायला लागली. किरणकुमारचं गणित तिथंच बिघडलं.

पहिल्याच सभेत कारकून महेशकुमारनं वही पुढं सरकवली. "अक्का, इथं सही."

"वाच आधी."

"ठराव हाय अक्का. सगळ्यांनी केली सही."

"त्यांना ऐकू येत नसंल. मला येतंय. वाच."

बाई चौथी शिकलेली. कानडी अक्षर लावून लावून वाचते, पण पुरतं ऐकल्याशिवाय पेन उचलत नाही. लग्नपत्रिका आली तरी ती छापखान्याच्या नावापर्यंत वाचून घेणार आणि मगच कोणाचं लग्न ते विचारणार. सदस्यांनी तिचं नाव ओदक्का पाडलं. कानडीत ओदु म्हणजे वाच. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. अशा गावात काय लपतं?

चार वर्षं अशी गेली आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली. अध्यक्षांना कोणीतरी वरच्या तिकिटाचं गाजर दाखवलं, त्यांनी राजीनामा दिला. तिकीट भलत्यालाच गेलं. आता ते रोज संध्याकाळी पुरसभेसमोरच्या कट्ट्यावर बसून आपल्याच जुन्या खोलीच्या खिडकीकडं बघतात. उपाध्यक्षाची जागा तर वर्षापासूनच मोकळी होती. त्यामुळं पगाराची कागदं तेवढी हलत होती, बाकी सगळं जागच्या जागी.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गिरणी गल्लीच्या बोअरची मोटर जळाली.

नव्या मोटरची फाईल तयार होती. अडली होती फक्त अध्यक्षाची सही. सात आठवडे गल्लीतल्या बायका मळ्यातल्या विहिरीवरून घागरी आणत होत्या. बसम्माचा गुडघा रात्रंदिवस ठणकत होता. भाकरीचं पीठ मळायला पाणी पुरेना, म्हणून दोन लग्नांना तिनं नाही म्हटलं, आणि नाही म्हणायची तिला सवय नव्हती. शेजारची ईरम्मा विहिरीच्या वाटेवर रोज टोमणा मारायची, "काय गं मेंबरीणबाई, तुझ्या खुर्चीत पाणी हाय का न्हाई?"

शेवटी नव्या अध्यक्षाच्या निवडीची तारीख लागली. सदस्य तेवीस. किरणकुमारकडं अकरा, गुरुबसव सावकाराकडं दहा. उरले दोन, बसम्मा आणि म्हातारा हरिबा. दोन्ही गटांनी आपापली माणसं पळवापळवीच्या भीतीनं बसमध्ये घालून सहलीला काढली. एक बस गोव्याला, एक देवदर्शनाला. निघण्याआधी दोन्ही पुढारी बसम्माच्या दारात येऊन गेले.

"अक्का, चला की समुद्र बघायला," किरणकुमार म्हणाला.

"मला बोअरमधलं पाणी बघायचंय. मोटरच्या फाईलवर पयल्या दिवशी सही करतो म्हण, येते."

"आधी खुर्ची तर येऊ दे अक्का. मग मोटरच मोटर!"

गुरुबसव वयानं मोठा. तो गोड बोलला, पाणी मागून प्याला, मळ्यातल्या विहिरीचं ते पाणी गोड आहे म्हणाला आणि मोटरचं नावही न काढता गेला. हरिबाला कोणी फार आग्रह केला नाही. त्याला गाडी लागते, आणि तो पुढच्या सीटवरच बसतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

बस सुटायच्या आधी महेशकुमार निवडीची नोटीस घेऊन धावत आला. कोणी गुडघ्यावर, कोणी ड्रायव्हरच्या पाठीवर कागद ठेवून सही ठोकली. बसम्मानं मात्र त्याला उंबऱ्यावर बसवलं, ताटात भाकरी आणि पुंडीपल्ला, म्हणजे अंबाडीची भाजी, वाढली आणि नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचायला लावली. अर्ज शुक्रवारी सकाळी दहा ते बारा. बारानंतर अर्ज घेतला जाणार नाही. सभा एक वाजता.

"मागच्या येळी एकपर्यंत घेतले होते ना रे अर्ज?"

"या नव्या तहसीलदारबाई हायेत अक्का. येळेच्या लई कडक."

गोव्याहून फोटो यायला लागले. टोपी न काढता पोहण्याच्या तलावात उतरलेले पाणीपुरवठा समितीचे सभापती सगळ्या गावानं पाहिले. गुरुवारी बसम्मानं स्वतःहून किरणकुमारला फोन लावला.

"येळेवर ये रे बाबा. अर्ज बारापर्यंतच हाय."

"अक्का, तुम्ही भाकरीकडं बघा. राजकारण आमच्यावर सोडा."

आता शुक्रवारी साडेदहा ते बारा राहूकाळ, शुभ कामाला वर्ज्य. दोन्ही पुढारी बसवण्णांच्या जयंतीला व्यासपीठावरून मुहूर्ताची टर उडवणारे, पण खिशातलं छोटं पंचांग कोणी बाहेर काढून बघितलं तर? दोघांनीही ठरवलं, राहूकाळ संपला की बारा वाजून पाच मिनिटांनी अर्ज टाकायचा. अर्ज एकपर्यंत घेतात हे दोघांच्याही डोक्यात पक्कं. किरणकुमारची बस पेट्रोल पंपापाशी थांबली, गुरुबसवची कापसाच्या जिनिंगपाशी. आत हार, पेढे, हलगीवाले, सगळं तयार.

पुरसभेत तहसीलदारबाई घड्याळ पुढं ठेवून बसल्या होत्या. समोर एकवीस खुर्च्या रिकाम्या. बसम्मा आणि हरिबा तेवढे दहापासून हजर. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले.

"महेश, कोणीच अर्ज टाकला न्हाई तर?" बसम्मानं विचारलं.

"तर आज निवड न्हाई. पुन्हा तारीख, पुन्हा नोटीस. महिना तरी जाईल अक्का."

एक महिना. बसम्माचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. तिनं दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "एक फॉरम आण."

हरिबा दचकला. "अगं बाई, काय करायलीस? राहूकाळ चालू हाय!"

"मामा, आमच्या सासऱ्यानं माझं लगीन भर राहूकाळात लावलं. बसवण्णांच्या शरणांना सगळ्या येळा सारख्या म्हणले. एकतीस वर्षं टिकलं. भांडण राहूकाळ सोडूनच झालं बघा."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक अजून पेट्रोल पंपावर हायेत. तुमी सूचक म्हणून सही करता का न्हाई? कामून घाबरायलाव?"

हरिबानं देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि सही केली. बसम्मानं फॉर्म दोनदा वाचून घेतला. बारा वाजायला वीस मिनिटं होती. तहसीलदारबाईंनी अर्ज घेतला, पावती दिली.

बारा वाजून पाच मिनिटांनी दोन्हीकडून हलग्या वाजत आल्या. दोन्ही जमाव फाटकात एकदमच शिरले आणि अडकले. आत येऊन किरणकुमारनं अर्ज पुढं केला. तहसीलदारबाईंनी शांतपणे नोटीस उलटी करून सह्या दाखवल्या. सगळ्यांत मोठी सही किरणकुमारचीच होती, खाली दोन रेघा ओढलेली.

"अक्का! सांगायचं तरी होतं!"

"काल सांगितलं की रे. तू भाकरीकडं बघा म्हणलास."

गुरुबसवचा चेहरा आधी उतरला. मग किरणकुमारचा त्याहून जास्त उतरलेला दिसला आणि त्याला बरं वाटलं. तो टाळ्या वाजवायला लागला. ते बघून किरणकुमारनंही जोरात टाळ्या वाजवल्या, कारण खुर्ची गुरुबसवला तर गेली नव्हती! सभेत बसम्मा अविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. दोन्ही गटांचे हार तिच्याच गळ्यात पडले, आणि त्यातून तिचं तोंड दिसेना.

फुलांच्या आतूनच आवाज आला, "महेश, मोटरची फाईल."

महेशकुमारनं पेन पुढं केलं.

"वाच आधी."

मग त्या दिवशी, पहाटेपासून उपाशी असलेल्या एकवीस सदस्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी फाईल ऐकली. पेढ्याचे डबे टेबलावर तसेच बंद. किती फूट पाईप, किती अश्वशक्तीची मोटर, कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, सगळं. हरिबा मधेच घोरला. शेवटी बसम्मानं एकेक अक्षर कोरत सही केली.

पाचव्या दिवशी बोअरला पाणी आलं. गल्लीत ही रांग लागली. किरणकुमार एक ठराव घेऊन तिथंच आला, चिखलात पांढरे बूट सांभाळत.

"अध्यक्षीणबाई, पुढं जा की," ईरम्मा म्हणाली. "आता तुला कोण अडवतंय?"

"माझा नंबर बारावा हाय," बसम्मा म्हणाली आणि घागर जराशी पुढं सरकवली. मग किरणकुमारकडं वळली. "काय हाय त्यात? वाच."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"मग काय झालं? त्यांना बी ऐकू येतंय."

किरणकुमारनं चष्मा लावला. चौथ्या ओळीलाच ईरम्मानं त्याला थांबवलं. "ए दादा, ते परत वाच. आमच्या गटारीचं नाव का न्हाई त्यात?"

आणि त्यानं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.