आईच्या पट्ट्या

पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांचा सत्कार आहे. रत्नागिरीत रंगीत फोटो स्वतःच्या घरी धुणारे पहिले म्हणून. शाल, नारळ, फोटोंचं प्रदर्शन, सगळा थाट आहे. मी जाणार नाही. का जाणार नाही हे प्रत्येकाला तोंडी सांगून जीव विटला, म्हणून लिहून टाकते.

बाबांचं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही. बाकीचे स्टुडिओवाले रंगीत रोल मुंबईला पाठवून वाट बघत बसायचे, तेव्हा बाबांनी आमच्या न्हाणीघराची डार्करूम केली. आम्ही पोरं विहिरीवर आंघोळी करायचो. लांज्याचं लग्न असो की मंडणगडची मुंज, शालू शालूसारखा आणि हळद हळदीसारखी दिसायची ती फक्त बाबांच्या फोटोत. पण रंगीत कामाची औषधं सारखी गरम ठेवावी लागतात. ते गरम पाणी कोण पुरवत होतं? आई. चुलीवर हंडा आणि न्हाणीच्या दाराशी बादल्या. औषधांनी तिच्या बोटांची सालं निघायची, आणि त्याच बोटांनी ती मिरच्या वाटायची. तिचा सत्कार कुठल्या सभागृहात आहे ते कुणी मला सांगावं.

शिवाय तिला उभं राहावं लागायचं. रंग साधला की नाही हे माणसाच्या कातडीवर कळतं, असं बाबांचं म्हणणं. नवी फिल्म आली की ते आईला अंगणात उन्हात उभं करायचे. मग कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून तेवढ्यावरच तिचा गाल, मान, नाहीतर हनुवटी छापून बघायचे. पट्टी हिरवट आली की चिडचिड, तांबूस आली की आदळआपट. जमलं, की पट्टी डब्यात आणि लोकांच्या नवऱ्या अख्ख्या कागदावर.

"माझा एक पुरा छापा की," आई एकदा म्हणाली होती.

"छापू गो सवडीने. कागद काय फुकट येतो?"

ती सवड बाबांना कधी झाली नाही. पुढे घरोघरी मोबाईल आले, तेव्हा आईच कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढून घ्यायची. पुरे झालं, म्हणायची.

गेल्या वर्षी आई गेली. तेराव्याला फोटो शोधला तर घरात नाही. फोटोग्राफरच्या घरात! निगेटिव्ह बुरशीनं खाल्लेल्या. माझ्या लग्नाच्या अल्बमात आईचा हात आहे, बाबांचा लाइट धरलेला. आधार कार्डावर डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन सावल्या. शेवटी पाटावर समई तेवढी ठेवली. येणारी प्रत्येक बाई फोटो कुठाय म्हणून मला विचारत होती, बाबांना एकीनंही विचारलं नाही. मी तेव्हाच ठरवलं, वर्षश्राद्धाला आईचा चेहरा भिंतीवर असेल.

अशात ती प्रदर्शनवाली मुंबईहून आली. तिनं पट्ट्यांचा डबा उघडला आणि "ओ माय गॉड" म्हणाली.

"काय टोन्स आहेत सर! ह्या आपण मोठ्या करून लावू या."

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

"हो का? सो स्वीट," असं म्हणून ती बाबांकडे वळली आणि कागद कुठल्या कंपनीचा होता ते विचारू लागली. बाबा खुलले. तासभर कागदावर बोलले. आईचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही. मी डबा उचलून कपाटात घातला आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी दार लावून पट्ट्या जमिनीवर मांडल्या. हिरवट गाल, तांबूस हनुवटी, निळसर मान. खूप जुळवून बघितल्या. डोळे एकाही पट्टीवर नव्हते. डोळ्यांवरून कातडीचा रंग तपासता येत नाही, म्हणून बाबांनी ते कधी छापलेच नव्हते. मी तिथेच बसून रडले, आणि रडता रडता बाबांना नाही नाही ते बोलले.

बाजारात एक फ्रेमवाला कॉम्प्युटरवर फोटो तयार करून देतो. चेहऱ्याची ठेवण आधार कार्डावरून घेतो आणि कांती पट्ट्यांवरून, असं तो म्हणाला. बाबाही सोबत आले. माझ्यासाठी नाही, मी पट्ट्या हरवीन या धास्तीनं. काम मात्र बरं चाललं. कपाळ आलं, गाल भरले, आईसारखं कुणीतरी पडद्यावर दिसायला लागलं. बाबा मागे उभं राहून सांगत होते, पिवळा कमी कर, अजून, हां, थांब. आणि खोटं कशाला बोलू, कांती हुबेहूब आली. माझा सगळा राग उतरला. घरी जाताना त्यांना म्हणणार होते, बाबा, सत्काराला येते मी.

"डोळे कसले करू?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "काळे. काळेच कर."

आईचे डोळे घारे होते. सगळी आळी तिला घारी म्हणायची. माझेही तसेच आहेत, आणि बाबा हे माझ्याकडे बघत सांगत होते.